तारुण्याचे प्रश्न आणि समाजाची उत्तरे : महाराष्ट्रातील युवा-आरोग्यविचाराचा ऐतिहासिक मागोवा (१८८५–१९५३)

प्रस्तावना

आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नसून शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य होय, ही कल्पना जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेमुळे सर्वत्र रूढ झाली. मराठी समाजाला मात्र आरोग्याचा असा व्यापक विचार त्यापूर्वीच परिचित झाला होता. जुलै १९२७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या एका मासिकाचे नावच ‘समाजस्वास्थ्य’ असे होते. त्याचे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे माजी प्राध्यापक. ज्या विषयांवर घरात, वर्गात वा व्यासपीठावर चकार शब्द काढता येत नसे, त्या विषयांवरील वाचकांच्या शंकांना या मासिकातून उघडपणे उत्तरे दिली जात.

तरुणांच्या आरोग्याचा विचार महाराष्ट्रात कर्व्यांपासून सुरू झाला, असे मात्र म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पदवीधरांचे अकाली मृत्यू, मुलींच्या विवाहाचे वय, व्यायामाची आवश्यकता आणि ब्रह्मचर्याचे महत्त्व या चार निमित्तांनी तरुण शरीर हा सार्वजनिक चर्चेचा विषय झालाच होता. या चर्चेत बोलणारे कोण होते आणि तरुणांचे त्यात स्थान काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुरोधाने १८८५ ते १९५३ या कालखंडाचा मागोवा घेतला आहे. या काळातील बहुतेक चर्चा तरुणांविषयी झाली, पण तरुणांशी झाली नाही. जेव्हा ती तरुणांशी होऊ लागली तेव्हा कायद्याने आणि समाजाने तिला अडवले, असे या मागोव्यातून दिसून येते.

तारुण्य : एक नवी अवस्था

पारंपरिक समाजरचनेत बाल्य आणि गृहस्थाश्रम यांच्यामधील अंतर फार थोडे होते. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होई आणि मुलगाही मिसरूड फुटण्यापूर्वी संसारी होत असे. १८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि उच्च शिक्षणाची वाट रुंदावली. त्यामुळे घरापासून दूर, वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणारा, खानावळीत जेवणारा आणि परीक्षेच्या चिंतेत असणारा विद्यार्थी हा नवा समाजघटक उदयाला आला. त्याच सुमारास कोकणातून व घाटावरून गिरणीकामासाठी मुंबईत आलेला, गाळ्यात दाटीवाटीने राहणारा आणि कुटुंबाला गावी ठेवून आलेला तरुण कामगारही या शहरात दिसू लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या जवळपास निम्मी होती. शहराच्या आरोग्यावर आणि नीतिव्यवहारावर या एका गोष्टीचा किती परिणाम झाला असेल, याची कल्पना सहज करता येते.

अशा रीतीने शारीरिकदृष्ट्या प्रौढ, पण सामाजिकदृष्ट्या अद्याप स्थिरावलेला नाही, अशा व्यक्तीचा एक मोठा वर्ग निर्माण झाला. या वर्गाच्या गरजा जुन्या कुटुंबव्यवस्थेला ठाऊक नव्हत्या आणि नव्या संस्थांनी त्या अद्याप ओळखल्या नव्हत्या. पुढील सर्व वादांचे मूळ या पोकळीत आहे.

पदवीधरांचे अकाली मृत्यू

नवशिक्षितांच्या पहिल्या दोन पिढ्यांतील अनेक कर्तृत्ववान माणसे अल्पायुषी ठरली. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली अवघ्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तले. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ साली गेले तेव्हा त्यांनी पंचेचाळिशीही गाठली नव्हती. गोपाळ गणेश आगरकर दम्याने जर्जर होऊन १८९५ साली एकोणचाळिसाव्या वर्षी मृत्यू पावले. या नामवंतांच्या मागे अज्ञात पदवीधरांची मोठी रांग होती. १८९० च्या दशकात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पदवीधरांमधील मृत्यूंच्या या प्रमाणाकडे लक्ष वेधले आणि त्याचा संबंध अभ्यासक्रमाच्या व परीक्षापद्धतीच्या ओझ्याशी जोडला. एकाच वेळी सर्व विषयांत उत्तीर्ण होण्याची सक्ती शिथिल करून विभागशः परीक्षा घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता.

विद्यार्थ्याच्या ढासळत्या प्रकृतीचा दोष त्याच्या दुबळेपणाला न देता शिक्षणव्यवस्थेला देणारा हा विचार त्या काळी दुर्मीळ होता. मात्र या चर्चेतही विद्यार्थी स्वतः बोलताना दिसत नाही. त्याच्या वतीने न्यायाधीश, विद्यापीठाचे पदाधिकारी आणि वृत्तपत्रकार बोलत होते. शिवाय या चर्चेतील ‘पदवीधर’ हा अर्थातच पुरुष होता.

विवाहाचे वय : स्त्रीचे तारुण्य

तरुण स्त्रीच्या आरोग्याचा प्रश्न सार्वजनिक झाला तो न्यायालयाच्या वाटेने. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी पतीच्या घरी नांदायला जाण्यास नकार दिला. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित वैद्यक-व्यावसायिक होते. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. परंतु अपिलानंतर प्रकरण उलटले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी त्यांना नांदायला जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा हुकूम दिला. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे रखमाबाई लंडनला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची वैद्यकीय सेवा केली.

या खटल्याचे कायदेविषयक महत्त्व सर्वविदित आहे. आरोग्याच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातील दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची ठरते. खटला सुरू असताना १८८५ साली रखमाबाईंनी ‘अ हिंदू लेडी’ या टोपणनावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रे लिहिली आणि बालविवाहामुळे स्त्रीच्या शरीराची व मनाची होणारी हानी मांडली. त्यापूर्वी दोन वर्षे, फेब्रुवारी १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर सभेत आपण वैद्यकशिक्षणासाठी अमेरिकेस का जात आहोत, हे सांगितले होते. तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचेही नव्हते. नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी मातृत्व आणि दहा दिवसांत अपत्याचा मृत्यू, एवढा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली. परंतु क्षयाने त्यांना गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, पुणे येथे त्यांचे निधन झाले. स्वतःच्या आरोग्याविषयी स्वतः बोलणाऱ्या तरुण व्यक्ती या काळात शोधू गेल्यास प्रथम या दोन तरुणी भेटतात.

पुढील वादात मात्र हा आवाज पुन्हा मागे पडला. कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांच्या फुलमणी दासीचा पतीच्या शरीरसंबंधामुळे मृत्यू झाला. १८६० च्या दंडसंहितेत संमतिवयाची मर्यादा दहा वर्षांची असल्याने पतीवर बलात्काराचा गुन्हा सिद्ध होऊ शकला नाही. या घटनेनंतर बेहरामजी मलबारी यांनी आधीपासून चालवलेल्या चळवळीला धार आली. भारतात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी आपल्या अनुभवातील जखमी व मृत बालवधूंची उदाहरणे सरकारपुढे ठेवली. महाराष्ट्रात मात्र वाद रंगला तो शास्त्राधाराचा आणि सरकारच्या हस्तक्षेपाचा. लोकमान्य टिळकांनी परकीय सत्तेने कायद्याने सुधारणा लादण्यास विरोध केला, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी धर्मशास्त्राच्याच आधारे उशिराच्या विवाहाचे समर्थन केले. १८९१ साली संमतिवय बारा वर्षांचे करण्यात आले. पुढे सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने साक्षी-पुरावे घेतले आणि १९२९ चा शारदा कायदा होऊन मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा व मुलाचे अठरा ठरले. अडतीस वर्षांत वय वाढले खरे. पण जिच्या शरीराचा प्रश्न होता तिचे मत या प्रदीर्घ वादात निर्णायक ठरले, असे म्हणता येत नाही.

बलोपासना

विसाव्या शतकाच्या आरंभी तरुणांच्या आरोग्याला राष्ट्रीय अर्थ प्राप्त झाला. टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवले, ही हकिगत पुढच्या पिढ्यांसाठी आदर्श कथा बनली. १९१४ साली अमरावती येथे अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. या संस्थेच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. १९२४ साली स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम स्थापन करून योगाच्या शारीरिक परिणामांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध केले.

या चळवळीचे ऋण मोठे आहे. आखाडा, मल्लखांब, लेझीम आणि सूर्यनमस्कार यांनी हजारो तरुणांना सुदृढ शरीर, शिस्त आणि सवंगडी दिले. तालमीत जातीपातीचे बंधनही काही प्रमाणात सैल होत असे. तथापि या विचारात तरुणाचे शरीर हे राष्ट्रकार्याचे साधन मानले गेले होते. ते बलवान होणे अपेक्षित होते. त्या शरीरात राहणाऱ्या मनाला काही भय, शंका वा वासना असतील तर त्यांचे काय करावे, याचे उत्तर आखाड्याकडे एकच होते, ते म्हणजे ब्रह्मचर्य.

ब्रह्मचर्य आणि भीतीचा बाजार

ब्रह्मचर्याची कल्पना प्राचीन असली तरी छापखान्याच्या युगात तिला वेगळे रूप आले. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे अनेक थेंब, अशा समजुती आरोग्यविषयक पुस्तिकांतून पसरल्या. स्वप्नावस्था आणि हस्तमैथुन यांमुळे स्मृतिभ्रंश, क्षय, नपुंसकत्व आणि वेडसुद्धा येते, असे तरुणांच्या मनावर बिंबवले गेले. ही भीती केवळ भारतीय परंपरेतून आलेली नव्हती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय वैद्यकानेही हस्तमैथुनाला अनेक रोगांचे मूळ ठरवले होते. पूर्वेकडील धार्मिक संयम आणि पश्चिमेकडील कालबाह्य वैद्यक यांचा या बाबतीत संगम झाला.

भीती निर्माण झाली की तिच्यावरील औषधाचा व्यापारही उभा राहतो. ‘धातुपुष्टी’, ‘शक्तिवर्धक’, ‘गुप्तरोगावर रामबाण’ अशा जाहिराती वृत्तपत्रांच्या व मासिकांच्या पानापानांवर दिसू लागल्या. जो विषय अग्रलेखात निषिद्ध होता तो जाहिरातीत खुला होता. वडिलांना विचारता न येणारा, शिक्षकांपुढे मान खाली घालणारा तरुण अखेर टपालाने औषध मागवीत असे. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली या चिंतेला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. वीर्यनाशाच्या भयातून येणारा अशक्तपणा, निद्रानाश आणि उदासीनता ही त्याची प्रमुख लक्षणे होत. शरीराला इजा नसताना केवळ अज्ञानामुळे तरुण आजारी पडू शकतो, हे वैद्यकशास्त्राने मान्य करण्यापूर्वी कित्येक वर्षे एका मराठी संपादकाने ते लिहून ठेवले होते.

र. धों. कर्वे आणि ‘समाजस्वास्थ्य’

रघुनाथराव कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र. १८९१ साली आई राधाबाई निवर्तल्या तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. गणित हा त्यांचा विषय. उच्च अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले आणि मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. डॉ. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र काढले तेही याच वर्षी, हे लक्षात घेतले म्हणजे कर्व्यांच्या काळापुढील दृष्टीची कल्पना येते. ‘संततिनियमन’ हे त्यांचे पुस्तक १९२३ साली प्रसिद्ध झाले. प्राध्यापकाची नोकरी आणि हे कार्य यांतून एकाची निवड करण्याची वेळ आली तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाई यांनी हे दारिद्र्य आणि ही लोकनिंदा दोन्ही त्यांच्या बरोबरीने सोसली. उभयतांनी अपत्य होऊ न देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला होता.

जुलै १९२७ ते नोव्हेंबर १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ प्रसिद्ध होत राहिले. शेवटचा अंक निघाला तो १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्व्यांचे निधन झाल्यानंतर. संततिनियमन, गुप्तरोग, आहार, वस्त्रांविषयीच्या रूढी, विवाहसंस्था, स्त्रीस्वातंत्र्य आणि बुद्धिवाद हे मासिकाचे विषय होते. पेनिसिलिन १९४० च्या दशकापर्यंत उपलब्ध नव्हते. त्यापूर्वी उपदंशावर सोमलयुक्त औषधांची दीर्घ व त्रासदायक चिकित्सा करावी लागे आणि परम्यावर तर दीर्घकाळ खात्रीचा उपायच नव्हता. अशा वेळी गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा हे स्पष्ट भाषेत सांगणे, ही चैन नव्हती, तर तरुण आयुष्ये वाचवण्याचा तो एकमेव व्यवहार्य मार्ग होता.

मासिकाचे खरे वैशिष्ट्य विषयांच्या यादीपेक्षा त्याच्या रीतीत आहे. कर्वे वाचकांचे प्रश्न छापत आणि त्यांना उत्तरे देत. उत्तरात उपदेश नसे, विचारणाऱ्याची निर्भर्त्सना नसे. गणिताच्या अध्यापकाने विद्यार्थ्याची शंका फेडावी तसा कोरडा, नेमका स्वर असे. हस्तमैथुनाने कोणताही रोग होत नाही, स्त्रीलाही पुरुषाइतकाच कामसुखाचा अधिकार आहे आणि दोन प्रौढ व्यक्तींच्या खासगी व्यवहारात समाजाने नाक खुपसण्याचे कारण नाही, ही त्यांची मते त्या काळच्या वाचकांना धक्का देणारी होती. पण त्या धक्क्यापेक्षाही नवे होते ते तरुणाच्या प्रश्नाला प्रश्न म्हणून मिळालेले स्थान. इतरांच्या दृष्टीने तरुण हा वळण लावण्याचा, वाचवण्याचा वा घडवण्याचा विषय होता. कर्व्यांच्या लेखी तो विचारणारा आणि समजून घेण्यास समर्थ असलेला माणूस होता.

याच काळात संततिनियमनाचे समर्थन करणारे इतरही होते. प्रा. ना. सी. फडके यांनी १९२७ साली मार्गारेट सँगर यांच्या प्रस्तावनेसह इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्याचा भर मात्र सुप्रजाजननावर, म्हणजे वंश सुधारण्यावर होता. दुसऱ्या टोकाला महात्मा गांधींची भूमिका होती. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या तेव्हा कृत्रिम साधनांऐवजी आत्मसंयमाचाच मार्ग गांधीजींनी उचलून धरला. एका विचाराचे लक्ष उत्तम प्रजेकडे, तर दुसऱ्याचे आत्मशुद्धीकडे होते. व्यक्तीचे सुख आणि आरोग्य हेच साध्य मानणारे कर्वे या दोन्हींपासून वेगळे पडतात.

उत्तरांवरील खटला

कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ सालचा खटला प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्यात आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. त्यांत हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण यांविषयीच्या प्रश्नोत्तरांचा समावेश होता. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांमुळे ते तेव्हा देशभर परिचित झाले होते. लोकप्रियतेला बाधा आणणारा हा खटला त्यांनी स्वीकारला, ही गोष्टच बोलकी आहे. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही. प्रश्नात विकृती दिसत असेल तर ती ज्ञानानेच दूर होईल आणि ज्ञान द्यायचे तर प्रश्नाला उत्तर देणे भागच आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. न्यायालयाने तो मानला नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

या निकालामागील कायद्याचे तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे. अश्लीलतेची तत्कालीन कसोटी १८६८ सालच्या हिकलिन या इंग्रजी निर्णयातून आलेली होती. ज्यांची मने अशा प्रभावाला सहज बळी पडू शकतात त्यांना बिघडवण्याकडे मजकुराचा कल आहे काय, हे या कसोटीने पाहिले जाई. अशी मने म्हणजे मुख्यतः तरुणांची, हे त्यात गृहीतच होते. म्हणजे ज्याने प्रश्न विचारला त्याच्याच संरक्षणाच्या नावाखाली त्याला उत्तर नाकारले गेले. भारतीय सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी १९६४ साली रणजित उदेशी प्रकरणात स्वीकारली आणि २०१४ साली अवीक सरकार प्रकरणात सोडून दिली. कर्व्यांच्या १९३४ च्या दंडानंतर तोपर्यंत ८० वर्षे लोटली होती.

आंबेडकरांनी हा विषय न्यायालयापुरता ठेवला नाही. १९३८ साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा अशासकीय ठराव मांडण्यात आला. तो बहुमताने फेटाळला गेला.

कार्याच्या मर्यादा

कर्व्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्याच्या मर्यादाही नोंदवणे इष्ट ठरेल. ‘समाजस्वास्थ्य’चा वाचक साक्षर होता, म्हणजे तत्कालीन परिस्थितीत प्रामुख्याने शहरी व मध्यमवर्गीय होता. गिरणगावातील गाळ्यात राहणाऱ्या आणि गुप्तरोगाच्या धोक्याला सर्वाधिक सामोऱ्या जाणाऱ्या कामगाराच्या हाती हे मासिक क्वचितच पडत असावे. दारिद्र्य, कुपोषण आणि निवारा या प्रश्नांपेक्षा अज्ञानाचा प्रश्न त्यांना अधिक मूलभूत वाटला. ज्ञान मिळाले की माणूस विवेकाने वागेल, ही त्यांची श्रद्धा बुद्धिवादी परंपरेला साजेशी असली तरी सामाजिक दडपणांचे बळ तिने काहीसे कमी लेखले. संघटना उभी करण्याचा त्यांचा पिंड नव्हता. शकुंतलाबाई परांजपे यांच्यासारख्या मोजक्या कार्यकर्त्यांनी हे काम पुढे नेले. परंतु आखाड्यांमागे जसे लोकबळ उभे राहिले तसे या कार्यामागे राहिले नाही.

स्वातंत्र्योत्तर वळण

१९५२ साली भारताने शासकीय कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला. ज्या कार्यासाठी कर्व्यांना नोकरी गमवावी लागली ते शासनाचे धोरण झाले. पण त्याचा हेतू बदलला. व्यक्तीच्या आरोग्याची जागा लोकसंख्येच्या आकड्याने घेतली. १९७६ साली आणीबाणीच्या काळात महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. साधन तेच, परंतु विचारणाऱ्याला उत्तर देण्याऐवजी न विचारणाऱ्यावर सक्ती करणारे, असा हा प्रवास आहे.

शिक्षणक्षेत्रात मौनच कायम राहिले. एड्सच्या पार्श्वभूमीवर केंद्राने आखलेल्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाला २००७ साली अनेक राज्यांनी नकार दिला. त्यांत महाराष्ट्रही होता. १९५४ च्या कायद्याने चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवर बंदी आणली. तरी ‘गुप्तरोग तज्ज्ञां’चे फलक रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर दीर्घकाळ झळकत राहिले. ज्या समाजात वर्ग बोलत नाही तेथे भिंत बोलते. पुढे काही बाबतींत कायदा बदलला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आणि ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज सिंग जोहर निर्णयाने प्रौढांमधील संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर गेले. १९३४ साली ज्या विषयावरील उत्तर दंडनीय ठरले होते त्या विषयाला ८४ वर्षांनी घटनात्मक मान्यता मिळाली.

रानडे यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र अधिक गंभीर रूपात परत आला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि त्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्रातील होती. या सर्व मृत्यूंचे एकच कारण सांगता येणार नाही. परंतु त्यांपैकी अनेकांच्या मनात न विचारलेला प्रश्न असणार, हे नाकारता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. महाराष्ट्रात तरुणांच्या आरोग्याची चिंता सतत वाहिली गेली. पण ती बहुधा शास्त्र, राष्ट्र, नीती किंवा लोकसंख्या यांपैकी कशाच्या तरी निमित्ताने. तरुणाचे स्वतःचे स्वास्थ्य हे स्वतंत्र साध्य मानले जाण्याचे प्रसंग विरळा होते.

२. स्वतःच्या शरीराविषयी तरुणांनी स्वतः बोलण्याचा आरंभ आनंदीबाई आणि रखमाबाई यांसारख्या तरुण स्त्रियांनी केला. तथापि पुढील धोरणचर्चेत त्यांच्या आवाजाला वारसा लाभला नाही.

३. ‘समाजस्वास्थ्य’ने प्रश्नोत्तराची रीत स्वीकारून तरुणाला आरोग्यविचाराचा भागीदार केले. या मासिकाचे ऐतिहासिक महत्त्व त्यातील मतांइतकेच या रीतीत आहे.

४. जेथे विश्वासार्ह उत्तर मिळत नाही तेथे भय आणि बाजार दोन्ही वाढतात. मौनाने तरुणांचे संरक्षण झाल्याचे या कालखंडात कोठेही आढळत नाही.

समारोप

रघुनाथराव कर्वे हे मुळात अध्यापक होते. नोकरी सुटल्यावरही त्यांनी अध्यापकाचा धर्म सोडला नाही; फक्त फळा बदलला आणि विद्यार्थ्यांची संख्या वाढली. आज महाविद्यालयांत समुपदेशन कक्ष, आरोग्य तपासणी आणि विद्यार्थी कल्याण समित्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२३ साली विद्यार्थ्यांच्या शारीरिक व मानसिक स्वास्थ्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. या व्यवस्था आवश्यक आहेत. परंतु कक्षाच्या दारावर पाटी लावल्याने विद्यार्थी आत येतोच असे नाही. तास संपल्यावर दारापाशी घुटमळणारा विद्यार्थी प्रथम पाहतो तो समोरच्या अध्यापकाचा चेहरा. आपण विचारले तर आपल्याला हसतील, रागावतील, की ऐकून घेतील, हे तो त्या चेहऱ्यावरून ठरवतो. १९३४ च्या खटल्यात दंड झाला तो उत्तर देणाऱ्याला. पण त्यानंतरच्या प्रत्येक पिढीत न मिळालेल्या उत्तराचा दंड विचारणाऱ्यालाच भरावा लागला आहे.